देशोदेशीच्या ‘नर्स’चं काम एकच नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बारावी सायन्स झाली, नर्सिंगलाच जायचं म्हणते, पुढे परदेशात काम करायची इच्छा आहे. डिप्लोमा बरा की डिग्री? शिक्षण इथं घ्यावं की थेट तिकडे? जर्मनी, यूके, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखात यांतलं काय निवडावं? आणि ‘जर्मनीत शिक्षण फुकट, वर पगार’ असं एजंट सांगतोय, त्यात तथ्य किती? हे सगळं तिच्या वडिलांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं या पेशात आहे. आधी आयसीयू, मग काही वर्षं आखात, मग यूकेत मेडिकल वॉर्ड, आणि आता बाहेर जाणाऱ्या सिस्टर-ब्रदर मंडळींची परीक्षेची तयारी करून घेते. उत्तर लांबणार आहे, तेव्हा एजंटचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तो सांगतो ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं पुढे येईल.

लोक देश आधी ठरवतात, आणि तिथली नर्स दिवसभर नेमकं काय करते हे त्यांना विमानातून उतरल्यावर कळतं. माझी एक विद्यार्थिनी सहा वर्षं आयसीयूत काम करून जर्मनीला गेली. व्हेंटिलेटर, आर्टिरियल लाइन, इन्फ्युजन पंप, सगळं तिच्या हातचा मळ. तिसऱ्या आठवड्यात रात्री फोन आला, आवाज रडका. “मॅडम, मी सकाळपासून आंघोळीच घालतेय. सात पेशंट पुसले, चौघांना भरवलं. सलाइनला हातसुद्धा लावू दिला नाही.” तिला कोणी मुद्दाम छळत नव्हतं. जगातल्या कितीतरी देशांत पेशंटची आंघोळ, जेवण, कूस बदलणं हे नातेवाईक नाहीतर मदतनीस करतात, आणि इंजेक्शन, सलाइन, औषधं म्हणजे नर्सिंग अशी समजूत आपोआप घट्ट होते. जर्मनीत अंग पुसणं हे नर्सिंगच्या गाभ्याचं काम मानतात. अंग पुसताना ती पेशंटच्या टाचा, माकडहाड, श्वास, गिळण्याची अडचण, मनाची उभारी हे सगळं बघत असते. उलट शिरेतून औषध देण्याचं काम तिथं परंपरेनं डॉक्टरकडे जास्त होतं. आता ते बरंच नर्सकडे सोपवलं जातं, पण हॉस्पिटलगणिक फरक असतो.

अमेरिकेत चित्र जवळजवळ उलटं. अंग पुसणं बहुतेक करून नर्सिंग असिस्टंटकडे. रजिस्टर्ड नर्सनं ड्युटीवर आल्या आल्या पेशंट डोक्यापासून पायापर्यंत तपासायचा, छातीला स्टेथोस्कोप लावून काय ऐकू आलं ते स्वतःच्या शब्दांत कॉम्प्युटरवर लिहायचं आणि डॉक्टरला फोन करताना ‘मला असं वाटतंय, हे करायला हवं’ असं सुचवायचंही. ‘डॉक्टर सांगतील ते करू’ अशा वळणात वाढलेल्या नर्सला हे फार जड जातं. कितीही हुशार असली तरी पहिल्या फोनला तिची बोबडी वळते.

यूकेत आणखी तिसरंच. तिथं नर्सचे चार वेगळे रस्ते पहिल्या वर्षापासून असतात: प्रौढांचं नर्सिंग, मुलांचं, मानसिक आरोग्याचं आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं. ज्या रस्त्यानं नोंदणी झाली तेच तुमचं क्षेत्र. आपल्याकडे एकच सिस्टर या वर्षी बालरोग वॉर्डात आणि पुढच्या वर्षी ऑर्थोमध्ये असते. ती यूकेत गेली की सहसा ‘ॲडल्ट नर्स’ म्हणून नोंद होते. मग ‘मी दहा वर्षं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होते’ या वाक्याचं वजन मुलाखतीत भरपूर असतं, रजिस्टरमध्ये मात्र शून्य. दुसऱ्या बाजूला, त्याच यूकेत जादा कोर्स केलेली नर्स २००६ पासून जवळजवळ सगळीच औषधं स्वतःच्या सहीनं लिहून देऊ शकते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला प्रिस्क्रिप्शनवरची सही दोनदा वाचावी लागली होती.

म्हणून मुलीला आधी विचारा की तिला यातलं काय आवडेल. देशाचं नाव नंतर.

आता शिक्षणाबद्दल. ‘नर्स’ या एका शब्दाखाली देशोदेशी तीन-चार पायऱ्या आहेत. अमेरिकेत साधारण वर्षभराचं शिक्षण घेतलेली लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स वेगळी आणि रजिस्टर्ड नर्स वेगळी. रजिस्टर्ड नर्स व्हायला दोन वर्षांची असोसिएट डिग्रीही चालते आणि बीएसएन ही नर्सिंगची चार वर्षांची पदवीही. गंमत म्हणजे दोघी परीक्षा एकच देतात. मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना बीएसएन मागतात, तो भाग निराळा. ऑस्ट्रेलियात डिप्लोमावाली एन्रोल्ड नर्स आणि तीन वर्षांच्या बॅचलरवाली रजिस्टर्ड नर्स. कॅनडात तर ‘आरपीएन’ या तीन अक्षरांचा अर्थ ऑन्टारियोत रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, आणि पश्चिमेकडच्या प्रांतांत रजिस्टर्ड सायकियाट्रिक नर्स! जाहिरात वाचताना प्रांत बघितला नाही तर भलतंच व्हायचं. भारतात जीएनएम म्हणजे डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी म्हणजे डिग्री चार वर्षांची, आणि नोंदणी दोघींचीही रजिस्टर्ड नर्स म्हणूनच होते. त्यामुळे इथं नोकरी करताना फरक फारसा जाणवत नाही. सीमा ओलांडली की जाणवतो. यूके आणि जर्मनी डिप्लोमावालीलाही रस्ता देतात. ऑस्ट्रेलिया रजिस्टर्ड नर्ससाठी साधारणपणे बॅचलर दर्जाचं शिक्षण मागतो. पुढे नर्स प्रॅक्टिशनर किंवा भूल देणारी नर्स व्हायचं असेल तर मास्टर्स नाहीतर डॉक्टरेट लागते आणि तिथंही खाली डिग्रीच हवी. तेव्हा ऐपत आणि गुण असतील तर बीएस्सी करावं. जीएनएम झालेल्यांनी मात्र हे वाचून हिरमुसून जाऊ नये, मी स्वतः जीएनएमवालीच आहे.

शिक्षणाची तुलना करताना वर्षं मोजण्यापेक्षा तास मोजा. युरोपीय संघाचा नियम आहे की सर्वसाधारण नर्सचं शिक्षण किमान तीन वर्षं आणि ४,६०० तासांचं हवं, आणि त्यातले निदान निम्मे तास पेशंटजवळ गेले पाहिजेत. जर्मनी त्याची वाटणी २,१०० तास वर्ग आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम अशी करते. यूके संघातून बाहेर पडला तरी ४,६०० तासांचा आकडा त्यानं ठेवला आहे, २,३०० वर्ग आणि २,३०० प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलात पेशंटजवळ काम करत शिकणं. ऑस्ट्रेलियात प्लेसमेंटचे किमान तास ८०० आहेत. आकडे शेजारी ठेवले की लोक दचकतात आणि विचारतात, मग ऑस्ट्रेलियन नर्स कच्ची असते का? नसते. तिथं नव्या नर्सला पहिलं वर्ष बहुतेकदा आधार देऊन, वॉर्ड बदलत शिकवत नेतात. शिवाय २,३०० तासांतही मुलगी फक्त बेड करत आणि ट्रॉली ढकलत राहिली तर त्या तासांना काय अर्थ? मला दोन्ही प्रकारच्या नर्सेस भेटल्या आहेत.

बाहेर जाऊन शिकायचं असेल तर दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. यूके, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथं परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण फी भरून विद्यापीठात शिकावं लागतं आणि प्लेसमेंटला पगार नसतो. बराच वेळ प्लेसमेंटमध्ये जातो, त्यातल्या काही ड्युट्या बारा तासांच्या आणि नाइटच्याही, त्यामुळे ‘पार्टटाइम काम करून खर्च भागवेल’ हा हिशेब सहसा कोलमडतो. दुसरा मार्ग जर्मनीचा, म्हणजे तुमच्या एजंटचा. त्याला तिथं आउसबिल्डुंग म्हणतात. मुलीचा करार एखाद्या हॉस्पिटलशी किंवा वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थेशी होतो, शाळेची फी नसते, आणि पहिल्या वर्षापासून दरमहा मानधन मिळतं. सरकारी वेतनश्रेणी पाळणाऱ्या संस्थांत ते हजार युरोंच्या वर असतं. १ जानेवारी २०२० पासून तिथं नवा कायदा लागू झाला. पूर्वी वृद्धसेवा, मुलांचं नर्सिंग आणि हॉस्पिटलचं नर्सिंग असे तीन वेगळे अभ्यासक्रम होते, ते एकत्र येऊन तीन वर्षांचा एक झाला. पेशंटला कोणत्या सेवेची गरज आहे ते ठरवणं वगैरे काही कामं त्याच कायद्यानं पहिल्यांदा फक्त नर्सच्याच हाती राखून ठेवली. शेवटी लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष अशी राज्याची परीक्षा असते. इथपर्यंत एजंटचं अर्धं खरं.

राहिलेलं अर्धं असं. ते मानधन जेमतेम राहण्या-खाण्यापुरतं असतं, घरी पाठवायला फार काही उरत नाही. वर्गात शरीररचना, औषधशास्त्र, कायदा हे सगळं जर्मनमधून. व्हिसाला बी१ ही भाषेची मधली पातळी चालते, म्हणून एजंट बी१ म्हणतो. पण बऱ्याच शाळा त्याच्या वरची बी२ मागतात आणि त्यांचं बरोबरच आहे. बी१ वर गेलेली मुलगी दुकानात बोलू शकते, ऐंशी वर्षांच्या आजी बोळक्या तोंडानं बोलीभाषेत काय मागतायत ते तिला कळत नाही. पहिले सहा महिने परीक्षणाचा काळ असतो, त्यात दोन्ही बाजू करार मोडू शकतात, आणि मोडला की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. शिवाय करार कोणाशी झालाय ते नीट वाचा. ‘हॉस्पिटल’ म्हणून सांगितलेली जागा वृद्धाश्रम निघाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. वृद्धांचं काम कमी दर्जाचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, ते तर कौशल्याचं आणि जड काम आहे. पण करणारीला ते आधी माहीत असलं पाहिजे.

शिकून जाणाऱ्यांसाठी जर्मनीचा रस्ता ‘आनेर्केनुंग’चा, म्हणजे पदवीला मान्यता मिळवण्याचा. तुमचा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून पाहतात, काय कमी आहे त्याचं पत्र देतात, आणि ती कसर एक तर परीक्षा देऊन किंवा काही महिने देखरेखीखाली काम करून भरून काढायची. तोवर नर्स हे नाव लावता येत नाही. सहायक म्हणून काम, आणि पगारही सहायकाचा.

परीक्षांकडे वळते, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. यूकेत दोन टप्पे आहेत. पहिली कॉम्प्युटरवरची, तिच्यात आकडेमोडीचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न. ती मायदेशी बसून देता येते. आकडेमोड म्हणजे १,००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, एका मिलीत २० थेंब, तर मिनिटाला किती? १,००० गुणिले २०, भागिले ४८०, म्हणजे ४२ थेंब. आपल्या मुली हे झोपेतही सांगतात. दुसरी परीक्षा ‘ऑस्की’, ती यूकेत जाऊन द्यायची. दहा स्टेशनं, नकली पेशंट, समोर परीक्षक आणि घड्याळ. एका अर्जावर तीन संधी मिळतात, तिसऱ्यांदा नापास झालं तर सहा महिने थांबावं लागतं.

आता इथं माणसं कशावर पडतात ते सांगते. ज्ञानावर फार थोडे पडतात. औषधाच्या स्टेशनला चार्टवर वर कोपऱ्यात ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेलं असतं, खाली को-अमॉक्सिक्लॅव्ह लिहून दिलेलं असतं. को-अमॉक्सिक्लॅव्ह हे पेनिसिलिनच, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी घाईत मनगटावरचा पट्टा न बघता, ॲलर्जी न विचारता गोळी कपात पडते, आणि स्टेशन गेलं. दुसरं म्हणजे सांगणं आणि विचारणं. आपल्या हाताला सवय असते की बीपीचा कफ गुंडाळायचा आणि मग ‘बीपी बघते हं’ म्हणायचं. तिथं आधी स्वतःचं नाव, मग पेशंटचं नाव आणि जन्मतारीख, मग काय करणार ते, मग ‘चालेल ना?’ आणि तो हो म्हणाला की मगच हात लावायचा. पंधरा वर्षांच्या अनुभवी सिस्टरला हे नाटकी वाटतं. महिनाभर सराव केल्यावर मात्र त्यातल्या बऱ्याच जणी सांगतात की आपल्या जुन्या वॉर्डातही त्या आता तसंच बोलतात.

आणि तिसरं म्हणजे श्वास. हा माझा आवडता विषय, थोडं सहन करा. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात सगळ्या पेशंटना २०, २०, २० असं लिहायची जी सवय जगभर आहे, ती ऑस्कीत उघडी पडते. यूकेत पेशंट बिघडतोय का हे ओळखायला ‘न्यूज २’ नावाची गुणांची पद्धत आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. तीत मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य गुण, २१ ते २४ म्हणजे दोन आणि २५ किंवा जास्त म्हणजे एकदम तीन. कुठल्याही एका रकान्यात तीन आले तर पेशंट तातडीनं बघायला कोणाला तरी बोलवायचं, बेरीज पाच झाली की निकड वाढते, सात झाली की तारांबळ. सरावाला मी स्वतः पेशंट होऊन झोपते आणि मुद्दाम भराभर श्वास घेते. गेल्या महिन्यात एक ब्रदर माझ्याशी छान बोलला, नाडी पाहिली, ऑक्सिजन पाहिला आणि चार्टवर २० लिहून मोकळा झाला. मी त्याला घड्याळ दिलं आणि म्हटलं, पूर्ण मिनिट मोज. २६ भरले. त्याच्या कागदावर शून्य होता, खरा आकडा तीनचा. तो गप्प बसला, मग म्हणाला, “मॅडम, मी आठ वर्षं वीसच लिहितोय.”

अमेरिकेची परीक्षा एनक्लेक्स. तिला प्रत्यक्ष कौशल्याचं स्टेशन नाही, सगळं कॉम्प्युटरवर. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा, आणि यंत्राची खात्री पटली की परीक्षा मध्येच बंद. किमान ८५ प्रश्न, कमाल १५०. ८५ ला स्क्रीन काळी झाली की माणसं बाहेर येऊन रडतात, आणि पुष्कळदा पास झालेली असतात. ‘चौघांपैकी आधी कोणाकडे जाल?’ या तऱ्हेचे प्रश्न हा तिचा आत्मा. पाठांतरानं ती सुटत नाही. कॅनडानं २०१५ पासून हीच परीक्षा घेतली, आणि ऑस्ट्रेलियानं २०२० पासून परदेशात शिकलेल्या बहुतेक नर्सेसना एनक्लेक्स आणि वर ऑस्की असं दोन्ही लावलं. त्यामुळे एनक्लेक्सचा अभ्यास कुठंच वाया जात नाही.

पण अमेरिकेबद्दल एक गोष्ट क्लासवाले दडवतात. परीक्षा पास होणं आणि तिथं पोहोचणं यांत व्हिसाची रांग आहे, आणि ती रांग जन्मदेशानुसार लागते. नर्सेस नोकरीवर मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या व्हिसाच्या ज्या इबी-३ वर्गातून जातात, त्यात भारतात जन्मलेल्या अर्जदारांना दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतंय. दुसऱ्या देशात जन्मलेल्या नर्सला तीच वाट बरीच लवकर मिळू शकते. बावीस वर्षांच्या मुलीनं पंचविसाव्या वर्षी अमेरिका असा आराखडा आखू नये. एनक्लेक्स द्यावी, लायसन्स काढावं, अर्ज लावून ठेवावा, आणि तोवर दुसरीकडे कामाला लागावं. अमेरिकेत लायसन्सही राज्याचं असतं, देशाचं नसतं. चाळीसहून अधिक राज्यांनी आपापसांत करार करून एकमेकांचं लायसन्स मानलं आहे, कॅलिफोर्निया त्यात नाही. याच कॅलिफोर्नियानं २००४ पासून एका नर्सला जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्यानं बांधून दिलं आहे. आयसीयूत दोन, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. एका नाइटला तीस पेशंट सांभाळलेल्या बाईला हे वाचून काय वाटतं ते मी लिहीत नाही.

आखाताबद्दल थोडक्यात. तिथं नवशिक्यांना फारसं घेत नाहीत, साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. कागदपत्रं मूळ कॉलेजकडून आणि नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलकडून तपासून घेतात आणि कॉम्प्युटरवर एक परीक्षा असते. संयुक्त अरब अमिरातीत एकाच देशात दुबई, अबू धाबी आणि बाकीच्या अमिराती यांचे परवाने देणारे तीन वेगवेगळे विभाग आहेत, हे अर्ज भरताना लक्षात ठेवा. शिल्लक पडते, देशोदेशीच्या लोकांबरोबर काम करायची सवय होते, इंग्रजी सुटतं. पण तिथलं राहणं सहसा नोकरीला बांधलेलं असतं. मी आखाताला पायरी म्हणेन, घर म्हणणार नाही.

जपानचा विषय विचारलेला नाही, तरी भाषेचं महत्त्व सांगायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. २००८ पासून इंडोनेशियाच्या आणि २००९ पासून फिलिपिन्सच्या शिकलेल्या नर्सेस करारानुसार जपानला गेल्या. त्यांना तिथली राष्ट्रीय परीक्षा जपानीत द्यायची होती. २००९ मध्ये ८२ जणांनी दिली, एकही पास झालं नाही. पुढच्या वर्षी २५४ पैकी तिघं. या मंडळींना नर्सिंग येत नव्हतं का? बेडसोअरला रोजच्या जपानीत ‘तोकोझुरे’ म्हणतात, परीक्षेत मात्र ‘जोकुसो’ असा कठीण चिनी अक्षरांतला शब्द यायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं बेडसोअर होऊ दिले नाहीत त्यांना प्रश्नच वाचता येत नव्हता. पुढे परीक्षेची भाषा थोडी सोपी केली, अक्षरांवर उच्चार लिहून दिले, वेळ वाढवला, तेव्हा निकाल सुधारले. जर्मनला नाक मुरडणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट ऐकवते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही ‘इंग्रजी मीडियम’वर भागत नाही. आयइएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची आणि ओइटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची, अशा दोन परीक्षा चालतात. यूकेला आयइएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलण्यात ७ आणि लिखाणात ६.५ लागतात. मी नर्सेसना ओइटीकडे वळवते. तिच्यात केसची टिपणं देऊन पत्र लिहायला लावतात आणि पेशंटशी किंवा नातेवाइकाशी संवाद करायला लावतात, म्हणजे आपलंच काम. आयइएलटीएसमध्ये शहरीकरणावर निबंध लिहिताना अडकलेली सिस्टर डिस्चार्जचं पत्र मात्र व्यवस्थित लिहिते.

शब्द आणि मापंही बदलतात. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन, ॲड्रिनलिनला एपिनेफ्रिन आणि साल्ब्युटामॉलला आल्ब्युटेरॉल म्हणतात. यूकेत रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. मी तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्लुकोमीटरवर ७ पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. १८ नं गुणलं की आपल्याकडच्या मिलिग्रॅमच्या मापात १२६ होतात हे आठवेपर्यंत मी अर्धी धावत सुटले होते. शेजारची आरोग्यसेविका शांतपणे म्हणाली, “चारच्या खाली गेलं तर पळ.”

आता ज्याकडे कोणी बघत नाही आणि ज्याच्यावर सगळं अडतं, ते म्हणजे कागद. परदेशातलं कौन्सिल मार्कशीट बघून समाधान मानत नाही. प्रत्येक विषयाचे वर्गातले तास किती, वॉर्डातले किती, मानसोपचार, बालरोग, प्रसूती यांच्या पोस्टिंग वेगवेगळ्या झाल्या का, हे कॉलेजच्या सही-शिक्क्यानं मागतं. माझ्या वेळी माझ्या कॉलेजच्या क्लार्कनं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे या तासांच्या तपशिलाच्या कागदावर, मानसोपचाराच्या वॉर्डाचे तास लिहायचेच सोडून दिले. मी ती पोस्टिंग पूर्ण केली होती. दुरुस्तीला सात महिने लागले, कारण मधे प्राचार्य बदलले आणि जुनं रजिस्टर सापडेना. शेवटी माझ्या लॉगबुकवरच्या, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या नोंदवहीवरच्या, सह्यांनी सुटका केली, आणि ते लॉगबुक घरच्यांनी रद्दीत घालायचं बाजूला काढून ठेवलं होतं! मुलीचं लॉगबुक जपा. नावाचंही तसंच. दहावीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर कौन्सिलच्या नोंदणीत तिसरं, अशा फाइली महिनोन्‌महिने पडून राहतात.

एजंटबद्दल पुन्हा एकदा. जगात नर्सेस कमी आहेत हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभर २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरी ५८ लाख कमी पडत होत्या. श्रीमंत देशांतल्या साधारण दर चार नर्सेसपैकी एक परदेशात जन्मलेली आहे. म्हणजे गरज तुमच्या मुलीपेक्षा त्यांना जास्त आहे, आणि चांगल्या भरतीत पैसे हॉस्पिटल भरतं. यूकेची भरतीची आचारसंहिता उमेदवाराकडून भरतीची फी घेऊ देत नाही. कोणी लाखांत मागू लागला तर आधी नोकरी देणाऱ्या संस्थेचं नाव मागा, कराराची प्रत मागा, करार मधेच सोडला तर किती रक्कम परत करावी लागेल ते वाचा, आणि मुख्य म्हणजे कामाचं नाव वाचा. नर्स आणि केअर वर्कर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे आलेली एक सिस्टर यूकेत केअर वर्कर म्हणून गेली, ‘तिथं गेल्यावर नर्सची नोंदणी आपोआप होते’ असं तिला सांगितलं होतं. तीन वर्षं तिनं केअर होममध्ये घालवली आणि त्यातला एक दिवसही नर्सचा अनुभव म्हणून धरला गेला नाही. २०२५ च्या जुलैपासून यूकेनं बाहेरून केअर वर्कर आणणं बंदच केलं, तरी त्या नावानं पैसे घेणारे अजून दिसतात.

मागणीही भरती-ओहोटीसारखी असते. काही वर्षांपूर्वी यूके हजारोंनी नर्सेस नेत होतं, गेल्या दोनेक वर्षांत ते ओसरलं. आज बारावी झालेली मुलगी बीएस्सी होऊन, दोन वर्षांचा अनुभव घेऊन तयार होईल तेव्हा कोणता देश दार उघडून बसला असेल हे आज कोणीच सांगू नये.

त्यामुळे तुमच्या मुलीपुरतं मी असं करीन. बीएस्सीला प्रवेश घ्या, कॉलेजला स्वतःचं किंवा जोडलेलं मोठं हॉस्पिटल आहे का ते बघून. तिला जर्मनीचं खरंच आकर्षण असेल आणि भाषेची गोडी असेल तर आउसबिल्डुंग वाईट नाही, पण आधी इथंच बी२ पूर्ण करू दे, मग करार. नसेल तर तिसऱ्या वर्षापासून ओइटीची तयारी, पास झाल्यावर दोन वर्षं गजबजलेल्या वॉर्डात काम, आणि त्याच काळात एनक्लेक्स. देश तेव्हा ठरवा. कॉलेज बघायला जाल तेव्हा फी-वसतिगृह सगळं विचारून झालं की एक प्रश्न आठवणीनं विचारा: मानसोपचाराची पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात असते आणि किती तासांची? उत्तर चटकन आलं तर अर्ज भरायला हरकत नाही. एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले तर दुसरं कॉलेज पाहा.